दर विद्यार्थी खर्च आणि लहान शाळा : सार्वजनिक शिक्षणखर्चाच्या मोजमापाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

सरकारी तिजोरीतून शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा हिशेब मागण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. इ. स. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी, सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून उभा राहतो आणि त्याचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाला होतो, असा स्पष्ट आक्षेप नोंदविला होता. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, खेड्यातील शाळांची व तेथील शिक्षकांची स्थिती सुधारावी, अशी त्यांची मागणी होती. पुढे १९१७ साली कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा अशी शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतून पुढे आलेले होते, ही बाब येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. सहा टक्क्यांचे हे लक्ष्य अद्याप गाठले गेलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला आहे.

गेल्या दोन दशकांत मात्र चर्चेचा रोख बदलला. खर्च पुरेसा आहे काय, या प्रश्नाची जागा झालेल्या खर्चाचे चीज होते काय, या प्रश्नाने घेतली. हा प्रश्न विचारणे पूर्णतः रास्त आहे. करदात्याला आणि त्याहून अधिक पालकाला तो विचारण्याचा अधिकार आहे. अडचण आहे ती त्याचे उत्तर शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मापाची. एकूण खर्चाला पटसंख्येने भागून येणारा ‘दर विद्यार्थी खर्च’ हे ते माप होय. या मापाच्या आधारे लहान शाळा महागड्या ठरतात, महागड्या म्हणून अकार्यक्षम ठरतात आणि अखेर त्या बंद करण्याचा किंवा अन्य शाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव पुढे येतो. २१ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने ‘समूह शाळा’ विकसित करण्याचे जे प्रस्ताव मागविले, त्यांच्या मुळाशी हीच विचारसरणी होती. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला त्या वेळी देण्यात आला. प्रस्तुत लेखात या मापाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

सरासरीचे गणित

समूह शाळांच्या प्रस्तावाच्या वेळी जी आकडेवारी चर्चेत होती, ती अशी : राज्यात १ ते २० पटसंख्येच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. या आकड्यांचा साधा भागाकार केला तर एका शाळेत सरासरी साडेबारा मुले, दोन शिक्षक आणि एका शिक्षकामागे जेमतेम सहा मुले, असे चित्र दिसते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असावे लागतात. म्हणजे ६० मुलांच्या शाळेत एका शिक्षकामागे तीस मुले येतात आणि वाडीवरील शाळेत सहा. शिक्षकाचे वेतन दोन्हीकडे सारखे धरले, तर वाडीवरील मुलामागचा वेतनखर्च जवळजवळ पाचपट होतो. यात कोणाचा आळस नाही, भ्रष्टाचार नाही, अध्यापनाचा दर्जा तर कोठेच नाही. केवळ भाजक लहान आहे.

हा भाजक लहान का झाला, याचे उत्तर सरासरी देत नाही. सह्याद्रीच्या व सातपुड्याच्या रांगांत, कोकणात, वस्त्यांची रचनाच अशी आहे की एका गावाच्या सात-आठ वाड्या असतात आणि दोन वाड्यांमध्ये ओढा, घाट किंवा जंगल असते. मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी हा निकष राज्याने स्वतः स्वीकारला. वस्तीशाळा योजनेतून सुरू झालेल्या अनेक शाळा पुढे नियमित झाल्या, त्या याच उद्देशाने. म्हणजे जेथे मुले थोडी आहेत तेथे शाळा काढणे हे जाणीवपूर्वक घेतलेले धोरण होते; आता तेथे मुले थोडी आहेत, हा त्या शाळेचा दोष ठरतो.

दुसरे कारण अधिक अवघड जागी बोट ठेवणारे आहे. २०१२ च्या महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियमानंतर विनाअनुदानित, बहुतांशी इंग्रजी माध्यमाच्या शाळांना परवानगी मिळण्याचा मार्ग सुकर झाला. तालुक्याच्या गावापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात या शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरू लागल्या आणि ज्यांना शुल्क परवडते अशा घरांतील मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघाली. मागे राहिली ती शेतमजुरांची, ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर स्थलांतर करणाऱ्यांची, आदिवासी पाड्यांवरची मुले. ज्या शासनाने एका हाताने परवानग्या दिल्या, तेच दुसऱ्या हाताने पट घसरल्याचा तक्ता मांडते. जन्मदर घटल्याचेही एक कारण आहेच, पण त्याचा परिणाम सर्वत्र सारखा होतो. गाडी पोहोचते तेथे तो अधिक तीव्र होतो, एवढेच.

भाजकाबाबत आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर झालेल्या पटपडताळणीत हजेरीपत्रकावरील आणि प्रत्यक्ष वर्गातील मुलांच्या संख्येत मोठी तफावत उघड झाली. खोटा पट दाखवून शिक्षकांची पदे, पोषण आहार आणि अनुदान मिळविण्याचे प्रकार त्यातून समोर आले. खोटा पट असलेली शाळा दर विद्यार्थी खर्चाच्या तक्त्यात स्वस्त दिसते, कारण तिचा भाजक फुगलेला असतो. खरा पट नोंदवणारी वाडीवरची शाळा महाग दिसते. ज्या मापात अप्रामाणिक संस्था कार्यक्षम ठरू शकते, त्या मापावर शाळा बंद करण्यासारखा निर्णय आधारणे कितपत योग्य, हा प्रश्न २०११ नंतर तरी उपस्थित व्हावयास हवा होता.

शिवाय ‘सार्वजनिक खर्च’ आणि ‘सरकारी शाळा’ हे शब्द महाराष्ट्रात समानार्थी नाहीत. माध्यमिक स्तरावर राज्याचा वेतनखर्च मोठ्या प्रमाणावर खाजगी अनुदानित शाळांकडे जातो. पगार शासनाचा आणि व्यवस्थापन संस्थेचे, अशी ही रचना आहे. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळखक्रमांकाच्या आधारे वेतन उचलल्याचे जे प्रकरण बाहेर आले, ते याच रचनेतील होते. तिजोरीला लागलेली अशी गळती आणि बारा मुलांच्या शाळेतील दोन शिक्षक यांना एकाच सरासरीत कोंबून ‘शालेय शिक्षणावरील खर्च वाया जातो’ असे विधान करणे हे संशोधनाच्या शिस्तीला धरून नाही.

शासनाचा स्वतःचा दर विद्यार्थी आकडादेखील किती लवचीक आहे, हे शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १२ वरून दिसते. खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवरील मुलांसाठी शाळेचे प्रत्यक्ष शुल्क किंवा शासनाचा दर विद्यार्थी खर्च यांपैकी जी रक्कम कमी असेल, ती शासनाने द्यावयाची असते. महाराष्ट्रात ही रक्कम १७,६७० रुपये ठरली होती. करोनाच्या साथीच्या काळात ती ८,००० रुपयांवर आणण्यात आली. शाळा बंद होत्या हे मान्य. तथापि शासकीय शिक्षकांचे वेतन त्या काळात निम्म्याहून खाली आलेले नव्हते. परतफेड करावयाची असते तेव्हा आकडा लहान होतो आणि शाळा मिटवावयाची असते तेव्हा तोच मोठा होतो.

खर्चाविरुद्धचा पुरावा

सरकारी शाळांवरील खर्चाविषयी शंका घेणाऱ्या अभ्यासकांचे म्हणणे केवळ वैचारिक आग्रह म्हणून बाजूला सारता येत नाही. १९६६ च्या कोलमन अहवालाने अमेरिकेत शाळेच्या साधनांपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमी अधिक निर्णायक असल्याचे दाखविले. एरिक हनुशेक यांनी १९८० च्या दशकापासून खर्च आणि संपादणूक यांच्यात सातत्यपूर्ण संबंध आढळत नाही, असे मांडले. भारताच्या संदर्भात गीता किंगडन यांनी सरकारी शाळांतील दर विद्यार्थी खर्च, रिकाम्या होत चाललेल्या शाळा आणि खाजगी शाळांचा कमी खर्च यांची तुलना करून सरकारी शाळा पैशाचे मोल देत नाहीत, असा निष्कर्ष काढला आहे.

या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांच्या आंध्र प्रदेशातील प्रयोगाचा आहे (२०१५). सोडत काढून काही मुलांना खाजगी शाळेत जाण्यासाठी शिष्यवृत्ती देण्यात आली. दोन व चार वर्षांनंतर तेलुगू व गणित या विषयांत शिष्यवृत्तीधारक मुले आणि सरकारी शाळेतील मुले यांत फरक आढळला नाही. हिंदीत खाजगी शाळेतील मुले पुढे होती. खाजगी शाळांचा दर विद्यार्थी खर्च मात्र सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी होता. खाजगी शाळा म्हणजे दर्जा, हा मध्यमवर्गीय समज या अभ्यासाने खोडून काढला, पण त्याच वेळी ‘तेवढेच शिक्षण, पण एक तृतीयांश पैशात’ हा युक्तिवादही पुढे ठेवला. सरकारी शाळांच्या समर्थकांनी पहिला अर्धा भाग उद्धृत करून दुसरा गाळण्याची प्रथा पाडली आहे. ती सोडून दिली पाहिजे.

तथापि या प्रयोगाची भूमी कोणती होती, हे पाहणे आवश्यक आहे. ज्या गावांत आधीपासून किमान एक मान्यताप्राप्त खाजगी शाळा होती, तीच गावे अभ्यासात घेतली होती. प्रयोगाच्या स्वरूपानुसार ते अपरिहार्यही होते. म्हणजे जेथे बाजारपेठ उभी राहण्याइतकी मुले आहेत, अशी ही गावे. बारा मुलांच्या वाडीवर कोणतीही खाजगी संस्था शाळा काढीत नाही. कमी पगारावर राबणाऱ्या पदवीधर तरुणी तेथे मिळत नाहीत आणि शुल्कातून गाडीचे डिझेलदेखील सुटत नाही. खाजगी शाळा स्वस्त आहे याचे एक कारण ती कोठे जावयाचे हे स्वतः निवडते, हे होय. सरकारी शाळेला ती निवड नाही. त्यामुळे आंध्रमधील निष्कर्ष मोठ्या गावातील आणि शहरातील सरकारी शाळेला निश्चितच लागू पडतो आणि तेथे तो अस्वस्थ करणारा आहे. वाडीवरील शाळेबाबत तो काहीच सांगत नाही. लहान शाळांच्या विलीनीकरणाला मात्र नेमका त्याच धर्तीच्या तुलनेचा आधार दिला जातो.

खर्चाच्या बाजूनेही पुरावा आहे. किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन व क्लॉडिया पर्सिको यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील न्यायालयीन आदेशांमुळे झालेल्या निधीवाढीचा दीर्घकालीन मागोवा घेतला. बारा वर्षे दर विद्यार्थी खर्चात १० टक्के वाढ झाली तर पूर्ण झालेल्या शिक्षणात ०.३१ वर्षांची भर पडते, प्रौढपणीचे वेतन सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि हा परिणाम गरीब घरांतील मुलांमध्ये अधिक ठळक असतो, असे त्यांना आढळले. हनुशेक यांच्या मांडणीला यामुळे मोठा छेद गेला. परंतु महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गाने या निष्कर्षावर समाधान मानून थांबावे, अशी परिस्थिती नाही. तेथे वाढलेला पैसा शाळेच्या पातळीवर पोहोचला होता. येथे तो कोठे पोहोचतो, हाच तर प्रश्न आहे.

पैसा कोठे जातो

शालेय शिक्षणाच्या तरतुदीचा बहुतांश भाग वेतन व निवृत्तिवेतन यांवर खर्च होतो, हे सर्वज्ञात आहे. यावर दोन टोकांची मते मांडली जातात. एक मत म्हणते की शिक्षक म्हणजेच शिक्षण, म्हणून वेतन म्हणजे गुणवत्तेतील गुंतवणूक. इंडोनेशियाचा अनुभव या मताला पूरक नाही. तेथे प्रमाणित शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट करण्यात आले. शिक्षकांचे समाधान वाढले, त्यांचे जोडधंदे कमी झाले, पण मुलांच्या संपादणुकीत फरक पडला नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. शिक्षक संघटनांना हा निष्कर्ष रुचणार नाही. तो दुर्लक्षिण्याजोगा मात्र नाही.

दुसरे मत म्हणते की शिक्षक शाळेत येतच नाहीत, मग पगार कशासाठी? येथे महाराष्ट्राची नोंद वेगळी आहे. मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासात पूर्वसूचनेविना दिलेल्या भेटींत देशभरातील सरकारी प्राथमिक शाळांत सुमारे २५ टक्के शिक्षक अनुपस्थित आढळले होते. अभ्यासातील राज्यांत महाराष्ट्राचे प्रमाण १४.६ टक्के म्हणजे सर्वांत कमी होते, तर झारखंडचे जवळजवळ ४२ टक्के. म्हणजे येथील शिक्षक शाळेत येतो. आल्यानंतर त्याचा वेळ कशात जातो, हा अधिक खोलात जाण्याचा प्रश्न आहे. मतदारयाद्या, निवडणूक, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, केंद्रसंमेलने, प्रशिक्षणे, त्यांची छायाचित्रे व अहवाल ही यादी कोणत्याही केंद्रप्रमुखाला तोंडपाठ असते. दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक तालुक्याला गेला की चार-पाच इयत्ता एकाच्या हाती राहतात. या दिवसाचे वेतन शिक्षणखर्चात धरले जाते. वास्तविक ते निवडणूक, महसूल किंवा माहिती संकलन या खात्यांचे अनुदान आहे. या तासांची किंमत वजा करून दर विद्यार्थी खर्च काढण्याचा प्रयत्न शासकीय तक्त्यांत दिसत नाही.

वेतनाच्या सरासरीतही मोठी विषमता दडलेली आहे. २००० सालापासून सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेत नवनियुक्त शिक्षक तीन वर्षे मानधनावर काम करतो. हे मानधन प्राथमिक स्तरावर २०२३ मध्ये १६,००० रुपये करण्यात आले, तोपर्यंत ते फारच तुटपुंजे होते. त्याच शाळेतील ज्येष्ठ सहकाऱ्याचे वेतन त्याच्या कितीतरी पट असते आणि फळ्यासमोरचे काम दोघांचेही तेच. यापैकी कोणाला जास्त मिळते की कोणाला कमी, यावर वाद होऊ शकतो. परंतु ‘शिक्षक महाग आहे’ हे एकच विधान दोघांनाही लागू पडत नाही, याविषयी दुमत नसावे.

वेतन बाजूला ठेवले तर शाळेच्या हाती येणारा पैसा किती? समग्र शिक्षा योजनेखाली ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. ३० ते १०० पटाच्या शाळेला २५,०००. त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावयाचे असतात. दहा हजारांचा महिन्याचा हिशेब ८३३ रुपये होतो. यातून वीजबिल, खडू, हजेरीपत्रके, गळक्या कौलांची डागडुजी, प्रयोगसाहित्य, इंटरनेट हे सर्व भागवावयाचे. वीजबिल थकल्याने जोडणी तोडलेल्या आणि वर्गात मात्र डिजिटल फळा लावलेल्या शाळांच्या बातम्या ग्रामीण वृत्तपत्रांत वर्षानुवर्षे येत आहेत. हे अनुदान जूनमध्ये मिळावयास हवे, ते आर्थिक वर्षाच्या अखेरीस येते आणि मार्चअखेर खर्ची टाकावे लागते, हे निरीक्षण २००९ पासून सुरू झालेल्या ‘पैसा’ सर्वेक्षणांनी वारंवार नोंदविले आहे. परीक्षेच्या तोंडावर आलेल्या पैशातून मग वाचनकोपरा तयार होत नाही, पावत्या तयार होतात.

अनुदान वेळेवर आले तरी त्याचा परिणाम कसा होतो, याविषयी जिष्णु दास, मुरलीधरन आदींचा २०१३ मधील अभ्यास उद्बोधक आहे. आंध्र प्रदेश आणि झांबियात शाळांना साहित्यासाठी दिलेले अनुदान पहिल्या वर्षी, अनपेक्षित असताना, संपादणूक वाढविणारे ठरले. ते येणार हे पालकांना ठाऊक झाल्यावर त्यांनी वह्या-पुस्तकांवरचा आपला खर्च कमी केला आणि लाभ नाहीसा झाला. शंका घेणारे याचा अर्थ ‘अनुदान निरर्थक’ असा लावतील. गरीब पालकाच्या बाजूने पाहिले तर वह्यांचे वाचलेले पैसे घरात औषधाला किंवा तेलमिठाला गेले. सार्वजनिक पैशाचे मोल केवळ गुणपत्रिकेत शोधल्यास हा लाभ अदृश्य राहतो. तरीही शाळेच्या खर्चाचे मूल्यमापन करताना त्याला शिक्षण म्हणता येणार नाही, ही मर्यादाही मान्य करावी लागते.

कोठून निर्णय होतो यावर पैशाचे मोल किती अवलंबून असते, याचे अलीकडील उदाहरण गणवेशाचे आहे. समग्र शिक्षेतून दोन गणवेशांसाठी दर मुलामागे ६०० रुपये मिळतात आणि शाळा व्यवस्थापन समिती गावातच कापड घेऊन ते शिवून घेत असे. २०२३ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ हे धोरण आले. २०२४-२५ मध्ये कापड केंद्रीय पातळीवर खरेदी करून महिला बचत गटांमार्फत गणवेश शिवून घेण्याचे ठरले. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक ठिकाणी गणवेश आले नाहीत. आले ते मापात बसेनात, कापडाच्या दर्जाविषयी तक्रारी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्यात आले. पाठ्यपुस्तकांत वह्यांची कोरी पाने जोडण्याचा २०२३ मधील निर्णयही जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. दोन्ही योजनांचा हेतू वाईट नव्हता. दप्तराचे ओझे कमी व्हावे, बचत गटांना काम मिळावे, हे कोणालाही पटेल. परंतु मुलाची उंची किती आहे हे वर्गशिक्षकाला ठाऊक असते, मंत्रालयाला नसते. या दोन योजनांवरील खर्चही दर विद्यार्थी खर्चातच मिळविला जातो आणि वाडीवरची शाळा तेवढी आणखी महाग होते.

याउलट थोड्या पैशात घडलेले काम महाराष्ट्रातच पाहावयास मिळते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या, शब्दपट्ट्या यांच्या साहाय्याने ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले; २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ उपक्रमाच्या काळात राज्यभरातील शिक्षक ते पाहण्यास गेले. तेथे खर्च साहित्याचा नव्हता, शिक्षकांना एकमेकांचे वर्ग पाहण्यास मिळालेल्या वेळेचा होता. मुंबई महापालिकेच्या शाळांत आणि वडोदऱ्यात २००१ नंतर ‘प्रथम’ने राबविलेल्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतील तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास शिकवीत, बॅनर्जी, डफ्लो आदींच्या २००७ मधील अभ्यासात त्याचा स्पष्ट लाभ दिसला. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात तो लाभ बराच ओसरला, हे त्याच अभ्यासात आहे आणि ते सांगितले जात नाही. स्वस्त उपाय चालू ठेवावा लागतो. कुमठ्याचे अनुकरण झाले तेथे फरशीवर आकृत्या उमटल्या. एकमेकांचे वर्ग पाहण्याचा वेळ मात्र सर्वत्र मिळाला नाही.

मुलांना वाचता येत नाही, हे वास्तव यामुळे झाकले जात नाही. ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या, पण दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के होते. साथीनंतरची ही वाढ लक्षणीय आहे आणि २०२१ पासून पायाभूत साक्षरतेवर दिलेल्या भराचे श्रेय त्यात असू शकते. पण चारपैकी तीन मुले अजून बाहेरच आहेत. सरकारी शाळांचे समर्थन करणाऱ्या कोणत्याही लेखनाने या आकड्याला सामोरे गेले पाहिजे. हा आकडा मोठ्या पटाच्या आणि लहान पटाच्या, पाच शिक्षकांच्या आणि एका शिक्षकाच्या, सर्व शाळांचा मिळून आहे. लहान शाळा बंद केल्याने तो सुधारेल, असे त्यातून कोठेही निघत नाही.

वाचणारा पैसा

लहान शाळा मिटविल्यास पैसा वाचतो काय? डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळांच्या स्थलांतराचा निर्णय झाला, तेव्हापासून हा प्रश्न चर्चेत आहे. शिक्षक कायम सेवेत असल्याने त्यांचे समायोजन होते. त्यांचे वेतन एका शाळेच्या खात्यातून दुसऱ्या शाळेच्या खात्यात जाते, तिजोरीतून जावयाचे थांबत नाही. वाचतो तो खडू-वीजबिलाचा दहा हजारांचा खर्च आणि त्यात मुलांच्या वाहतुकीचा खर्च नव्याने मिळवावा लागतो. पुढील काळात पदे भरली जाणार नाहीत हे खरे आणि खरी बचत तेथेच आहे. मात्र ती रिक्त पदांची बचत आहे, विलीनीकरणाची नव्हे. पावसाळ्यात ओढा भरला की गाडी येत नाही, त्या दिवशी मूल घरी राहते. घराजवळची शाळा गेली की प्रथम मुलीचे नाव कमी होते, कारण धाकट्या भावंडाला सांभाळणे आणि चार किलोमीटर जाणे या दोन गोष्टी तिला एकत्र जमत नाहीत.

पानशेतसारख्या ठिकाणी इमारत, वाहन आणि पुरेसे शिक्षक एकत्र आले तर मोठ्या शाळेचे फायदे मिळतात, हे नाकारण्याचे कारण नाही. समवयस्क मित्र, खेळाचे संघ, प्रत्येक इयत्तेला शिक्षक या गोष्टी बारा मुलांच्या शाळेत नसतात आणि लहान शाळेचे कौतुक करणाऱ्यांनी हे उणेपण लपवू नये. मात्र आधी वाहन व रस्ता, मग विलीनीकरण, हा क्रम प्रस्तावांत उलटा होतो.

बंद करण्याला विरोध झाल्यानंतर दुसरा मार्ग शिक्षकसंख्येचा पुढे आला. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने वीसपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेत नियमित शिक्षकाचे एकच पद धरण्याची दिशा घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये लहान शाळांत दरमहा १५,००० रुपये मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय झाला; फेब्रुवारी २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. शिक्षण हक्क अधिनियमातील दोन शिक्षकांची तरतूद या काळात बदललेली नव्हती.

या मार्गाने शाळेला कुलूप लागत नाही, गावकऱ्यांचा मोर्चा निघत नाही आणि तक्त्यातील दर विद्यार्थी वेतनखर्च मात्र निम्म्यावर येतो. साडेबारा मुले, एक शिक्षक, चार किंवा पाच इयत्ता. हा शिक्षक महिन्यातून दोनदा केंद्राच्या बैठकीला जातो, निवडणुकीच्या वर्षी त्याहून अधिक वेळा तहसील कचेरीत असतो, आणि वर्षातून काही दिवस आजारीही पडतो. त्या प्रत्येक दिवशी वाडीवरची शाळा बंद असते. त्या दिवसांचा उल्लेख दर विद्यार्थी खर्चाच्या कोणत्याही रकान्यात येत नाही.